छंदाच्या दुकानातील रास्त भाव

मद्रासच्या सेंट्रल स्थानकालगत १९०० साली मूर मार्केट ही तांबड्या विटांची भव्य मंडई सुरू झाली. महानगरपालिकेचे तत्कालीन अध्यक्ष सर जॉर्ज मूर यांचे नाव तिला देण्यात आले होते. पुढील आठ दशके जुनी पुस्तके, ग्रामोफोनच्या तबकड्या, जुन्या चिजा आणि पाळीव पक्षी यांसाठी दक्षिण भारतातील छांदिष्टांचे पाय या मंडईकडे वळत राहिले. ३० मे १९८५ रोजी ती आगीत भस्मसात झाली. तिच्या जागेवर उपनगरी गाड्यांचे स्थानक उभे राहिले आणि अनेक विक्रेते जवळच्याच अल्लिकुळम संकुलात गेले.

मूर मार्केटची ख्याती मालाइतकीच घासाघिशीसाठीही होती. दुकानदाराने चढा भाव सांगावा, गिऱ्हाइकाने त्याच्या निम्म्याहून कमी भाव मागावा आणि दोघांनी मध्ये कोठेतरी थांबावे, हा तेथील परिपाठ होता. मुरलेल्या गिऱ्हाइकाला त्यात गंमत वाटे. परंतु खाऊचे पैसे साठवून आलेल्या मुलाला किंवा गरजेपोटी घरातील संग्रह विकायला आलेल्या स्त्रीला हा खेळ महाग पडण्याचा संभव असे. छंदाच्या वस्तूचा रास्त भाव कोणता आणि तो कसा ठरवावा, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

प्रश्न जुनाच आहे

तांदूळ किंवा साखर यांचा भाव गिऱ्हाईक चार दुकानांत विचारून पडताळू शकते. जुने टपाल-तिकीट किंवा नाणे यांच्या बाबतीत तसे होत नाही. तशी दुसरी वस्तू शेजारच्या दुकानात मिळेलच असे नाही आणि तिचे मोल जाणणारी माणसेही थोडी असतात. या व्यापारात ज्ञान एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला कमी असते. अन्यायाचे मूळ बहुधा या विषमतेत असते.

प्राचीनांनी या प्रश्नाचा विचार केला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ठरलेल्या खरेदी-किमतीवर देशी मालाला शेकडा पाच व परदेशी मालाला शेकडा दहा इतका नफा व्यापाऱ्याला मान्य केलेला आहे. ‘पट्टिनप्पालै’ या संघकालीन तमिळ काव्यात पुहार बंदरातील वणिकांची प्रशंसा आहे. घेताना जास्त न घेणे, देताना कमी न देणे आणि भाव उघड सांगणे, हे त्यांचे गुण म्हणून सांगितले आहेत. पश्चिमेकडे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ने आणि फिलाडेल्फियाच्या जॉन वॅनामेकर यांनी वस्तूवर किंमत लिहून ती सर्वांना सारखी लावण्याची पद्धत रूढ करण्यास हातभार लावला.

भावाचे घटक

छंदाच्या दुकानातील माल स्थूलमानाने तीन प्रकारचा असतो: आल्बम, चिमटे, भिंगे यांसारखे नवे साहित्य, नेहमी मिळणारी जुनी तिकिटे, नाणी व पुस्तके, आणि क्वचित हाती येणाऱ्या दुर्मिळ वस्तू. या तिन्हींना एकच नफ्याचे प्रमाण लावणे योग्य ठरत नाही.

बंद वेष्टनातील नव्या साहित्याचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. २००९ चा वैधमापन कायदा व त्याखालील २०११ चे नियम यांनुसार वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि तिच्याहून अधिक घेता येत नाही. मात्र ही किंमत केवळ वरची मर्यादा आहे. तिच्याहून कमी घेण्यास दुकानदार मोकळा असतो.

नेहमीच्या जुन्या मालात मुख्य खर्च श्रमाचा असतो. समजा, एक मदतनीस तासाला १२० तिकिटे पाण्यात सोडवून, वाळवून व निवडून ठेवतो आणि त्याची तासाची मजुरी ९० रुपये आहे. तर तिकीट फुकट मिळाले असले तरी त्यावर ७५ पैसे खर्च झालेला असतो. ते एका रुपयाला विकल्यास दुकानदार लुबाडतो असे म्हणता येणार नाही. लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या प्रसिद्ध पेढीच्या सूचीतही सामान्य तिकिटाला दिलेली किमान किंमत ही प्रामुख्याने हाताळणीचा मोबदला म्हणूनच असते.

दुर्मिळ वस्तूंच्या बाबतीत काळ हा घटक महत्त्वाचा ठरतो. १०० रुपयांना घेतलेला आल्बम महिन्याभरात ११५ ला विकला गेला, तर महिन्याला १५ रुपये सुटतात. १०० रुपयांचे जुने तिकीट दोन वर्षांनी २०० ला गेले, तर दरमहा सुमारे ४ रुपयेच पडतात. वरवर पाहता दुसरा नफा अवाच्या सवा वाटतो. प्रत्यक्षात अडकलेल्या भांडवलाचा तो अल्प मोबदला आहे. शिवाय चेन्नईच्या दमट हवेत तिकिटांचा डिंक एकमेकांना चिकटतो आणि कागदाला कीड लागते. १९८५ ची आग आणि डिसेंबर २०१५ चा महापूर यांनी दाखवून दिल्याप्रमाणे सारा साठा एका दिवसात नष्ट होऊ शकतो. ही जोखीमही भावात धरावी लागते.

संग्रह विकत घेताना

दुकानदाराच्या सचोटीची खरी कसोटी विक्रीपेक्षा खरेदीच्या वेळी लागते. समजा, एका दिवंगत संग्राहकाची पत्नी आल्बम घेऊन दुकानात आली. सूचीप्रमाणे त्यातील तिकिटांची बेरीज १०,००० रुपये होते आणि तेवढीच रक्कम मिळेल अशी तिची अपेक्षा आहे. दुकानदाराने ११०० रुपये सांगितले, तर ती फसवणूक समजावी काय?

हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येतो. १०,००० पैकी ४००० रुपये ही सामान्य तिकिटांच्या किमान किमतींची बेरीज आहे. त्यांत तिकिटापेक्षा हाताळणीचेच मोल अधिक असल्याने ती सर्व मिळून २०० रुपयांना घेता येतात. उरलेल्या ६००० रुपयांच्या १२ चांगल्या तिकिटांपैकी चार तिकिटांचे दाते तुटलेले किंवा कागद मागून पातळ झालेला आहे. त्यांचे २००० रुपये वजा जातात. राहिलेल्या आठ तिकिटांची सूचीतील किंमत ४०००, परंतु स्थानिक बाजारात ती २००० ला जातील असा अनुभव आहे. सूचीतील आकडा हा उत्तम स्थितीतील तिकिटाच्या विक्रीचा असतो. संग्राहकाला परत मिळणाऱ्या रकमेचा नसतो.

आता दुकानाचा खर्च पाहू गेल्यास, भाडे, वीज, मदतनीसाचा पगार व दुकानदाराचा चरितार्थ मिळून महिन्याला ३६,००० रुपये लागतात आणि विक्री ६०,००० ची होते, असे धरू. म्हणजे विक्रीच्या दर १०० रुपयांतील ६० खर्चात जातात आणि माल घेण्यासाठी सरासरीने ४० च उरतात. चांगल्या तिकिटांना याहून थोडे अधिक, म्हणजे २००० चे ४५ टक्के दिले, तर ९०० रुपये होतात. त्यांत सामान्य तिकिटांचे २०० मिळवले की ११०० ही रक्कम येते.

ही रक्कम रास्त आहे. परंतु केवळ आकडा सांगून थांबणे रास्त नव्हे. हाच हिशेब त्या स्त्रीपुढे कागदावर मांडला, खराब तिकिटे भिंगाखाली दाखवली आणि अन्यत्र विचारण्यास सवड दिली, तरच व्यवहार न्याय्य होतो.

याच आल्बममध्ये एखादे खरोखर दुर्मिळ तिकीट निघाले आणि त्या स्त्रीला त्याची कल्पना नसली, तर काय करावे? तिचे अज्ञान ही दुकानदाराची कमाई होऊ शकत नाही. तिला तिकिटाचे मोल ठाऊक असते तर जी रक्कम द्यावी लागली असती, तीच दिली पाहिजे. अशी वस्तू लवकर खपते आणि मोठ्या रकमेच्या विक्रीलाही गल्ल्यावर तितकाच वेळ लागतो, म्हणून विक्रीमूल्याचा मोठा वाटा देणे दुकानदारालाही परवडते. तेवढे भांडवल हाताशी नसल्यास आधी ठरवलेल्या अडतीवर ती वस्तू मालकाच्या वतीने विकून देणे हा मार्ग खुला असतो.

गिऱ्हाइकाशी व्यवहार

भाव ठरल्यावर तो वस्तूवर लिहावा आणि सर्वांना सारखा सांगावा. सूट देण्यास हरकत नाही. मात्र तिचा नियम उघड असावा. एकदम अधिक माल घेणाऱ्यास किंवा विद्यार्थ्यांना अमुक टक्के, असे जाहीर असले की चढ्या आवाजाच्या गिऱ्हाइकाला स्वस्त आणि संकोची गिऱ्हाइकाला महाग असा प्रकार घडत नाही. वस्तूतील दोषही किंमतीशेजारीच लिहावा, कारण दुरुस्त केलेले तिकीट निर्दोष म्हणून विकणे हे जादा भाव घेण्याहून वाईट आहे.

माहिती लपवून मिळणारा नफाही टाळणे श्रेयस्कर. नुकतीच निघालेली तिकिटे चेन्नईच्या अण्णा रोड मुख्य टपाल कार्यालयातील फिलाटेलिक ब्यूरोत छापील किमतीस मिळतात. ती जादा भावाने मागणाऱ्या मुलाला हे सांगितले, तर त्या दिवशीचे चार रुपये बुडतात. पण ते मूल पुढे आल्बम, भिंग आणि जुनी तिकिटे घेण्यासाठी त्याच दुकानात येण्याचा संभव वाढतो.

छंद हा अनेक वर्षे चालणारा असतो आणि दुकानाचे आयुष्य त्यावरच अवलंबून असते. पहिल्याच खरेदीत फसलेले मूल बहुधा छंदच सोडून देते. म्हणून ज्या भावाचा हिशेब घेणाऱ्यापुढे आणि देणाऱ्यापुढे सारख्याच मोकळेपणाने मांडता येईल, तोच भाव रास्त समजावा.