नायक कोणाचा?

(चित्रकथांमध्ये नवी पात्रे आली किंवा जुन्या नायकाची गोष्ट वेगळ्या वाटेने जाऊ लागली, की वाचकांत वाद सुरू होतात. अशा काही वादांची हकीकत या पाठात सांगितली आहे.)

गोष्टीचा लेखक कोण, हे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलेले असते. पण त्या गोष्टीतील नायक कोणाचा, लेखकाचा की वाचकाचा, हे कोठेच छापलेले नसते. म्हणून तर भांडणे होतात!

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने 'इंद्रजाल कॉमिक्स' ही चित्रकथांची मालिका सुरू केली. ती इंग्रजीप्रमाणेच हिंदी, मराठी, गुजराती अशा अनेक भारतीय भाषांत निघत असे. तिचा पहिला आणि सर्वांत आवडता नायक होता वेताळ. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली त्याला जन्म दिला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीचा ठसा उमटवणारी अंगठी आणि राहायला जंगलातील कवटीच्या आकाराची गुहा! वेताळाला उडता येत नाही की अदृश्य होता येत नाही. त्याची खरी ताकद एका गुपितात आहे. बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. त्यामुळे लोकांना वाटते की हा माणूस चारशे वर्षे जिवंत आहे.

भारतात येताना ही गोष्ट थोडी बदलली. मूळ कथेत वेताळाच्या देशाचे नाव 'बंगाली' असे होते. आपल्याकडे ते वाचून सर्वांना बंगाल आठवला असता, म्हणून इंद्रजालमध्ये त्याचे 'डेंकाली' झाले. 'सिंग' नावाच्या समुद्री चाच्यांचे 'सिंगा' झाले. म्हणजे नायक कितीही मोठा असला तरी वाचक कोण आहेत हे पाहून त्याला आपला पत्ता बदलावा लागतो.

त्या काळी दूरदर्शन संच थोड्याच घरांत होते. कासार आंबोली हे मुळशी तालुक्यातील गाव पुणे-पौड रस्त्यावर आहे. अशा गावांतील मुलांपर्यंत चित्रकथा पोचायच्या त्या शहरातून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतून, एसटी स्थानकावरच्या स्टॉलवरून, नाही तर रद्दीच्या दुकानातून. एक अंक दहा हातांतून फिरे. मुखपृष्ठ फाटे, शेवटचे पान गळून जाई. शेवटचे पान नसले की आणखी मजा! पुढे काय झाले असेल ते ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवावे आणि त्यासाठी भांडावे.

मग १९७६ साली इंद्रजालमध्ये एक नवा नायक आला. त्याचे नाव बहादूर. त्याचे लेखक आबिद सुरती आणि चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. बहादूर अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स घालत असे. मुखवटा नाही, अंगठी नाही. त्याचा बाप डाकू होता आणि पोलिसांच्या गोळीने मेला होता. मुलाच्या मनात सूडाची आग होती. पण बाप कसा होता हे कळल्यावर त्याने सूड सोडला. गावकऱ्यांनी डाकूंपासून स्वतःचे रक्षण करावे म्हणून त्याने 'नागरिक सुरक्षा दल' उभारले. त्याची साथीदार बेला हीसुद्धा स्वतः लढणारी होती. कोणीतरी येऊन आपल्याला सोडवील म्हणून ती रडत बसत नसे.

बहादूर आला आणि वाचकांत दोन पक्ष पडले. वेताळाच्या पक्षातील मुले म्हणत, "डाकूंच्या बातम्या तर रोज वर्तमानपत्रात येतात. त्या वाचायला चित्रकथा कशाला? आम्हाला जंगल पाहिजे, गुहा पाहिजे, खजिना पाहिजे!" बहादूरच्या पक्षातील मुले उत्तर देत, "वेताळ गोरा आहे. जंगलातले सगळे लोक त्याच्यापुढे मान झुकवतात. तिथे आपल्यासारखा कोण आहे? बहादूर आपल्या गल्लीतल्या मोठ्या भावासारखा दिसतो." दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मला अधिक पटते. पण पहिला पक्ष अगदीच चुकीचा होता असे म्हणवत नाही. गोष्ट आपल्याला घरी आणते, तशी ती घराबाहेरही नेते. ज्याने कधी समुद्र पाहिला नाही, त्यालाही चाच्यांची गोष्ट हवी असते.

आबिद सुरती यांच्याविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. त्यांचा जन्म १९३५ साली गुजरातमध्ये झाला आणि लहानपण मुंबईच्या डोंगरी भागात गेले. त्यांनी गुजराती आणि हिंदी या भाषांत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. 'धर्मयुग' साप्ताहिकातील त्यांचे 'ढब्बूजी' हे व्यंगचित्र घरोघरी पोचले होते. पुढे २००७ साली त्यांनी एक वेगळेच काम हाती घेतले. रविवारी एका प्लंबरला बरोबर घेऊन मीरा रोड येथील इमारतींत घरोघर जायचे आणि गळणारे नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे! बहादूरला जन्म देणारा माणूस थेंब थेंब पाणी वाचवायला निघाला. हे काम पाहिल्यावर मुखवट्याची फारशी गरज उरत नाही.

काही वर्षांनी सुरती यांच्याऐवजी जगजीत उप्पल हे बहादूरच्या कथा लिहू लागले. लेखक बदलला की जुन्या वाचकाच्या ते लगेच लक्षात येते. नाव तेच असते, चेहरा तोच असतो, पण बोलणे थोडे वेगळे वाटते. मग "हा खरा बहादूर नव्हे" अशी तक्रार सुरू होते. वेताळाचा लेखक तर बदलला नव्हता, तरी तोही वादातून सुटला नाही. १९७७ साली ली फॉकने त्याचे डायनाशी लग्न लावले आणि पुढे त्यांना जुळी मुले झाली. काहींना वाटले, आता वेताळ संसारी झाला, गुहेत पाळणा हलणार, साहसे कोण करणार? पण नीट विचार केला तर लग्नाशिवाय ही कथा पुढे जाणेच शक्य नव्हते. मुलगा नसेल तर पुढचा मुखवटा कोण घालणार? येथे लेखकाचा निर्णय बरोबर होता.

हे वाद चित्रकथांबरोबर जन्मलेले नाहीत. 'तिलिस्मे होशरुबा' ही उर्दूतील प्रचंड दास्तान तुम्हाला ऐकून माहीत असेल. अमर अय्यार आणि त्याची अजब झंबील कोण विसरेल? लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून ती १८८३ पासून छापली जाऊ लागली. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले, तर पुढचे तीन अहमद हुसेन कमर यांनी. जाह श्रेष्ठ की कमर श्रेष्ठ, हा वाद उर्दूच्या रसिकांत आजही रंगतो.

मराठीतही असेच घडले. भा. रा. भागवत यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा किडकिडीत मुलगा. त्याच्याकडे एक सायकल, चलाख डोके आणि 'ट्टॉक्' हा उद्गार एवढेच भांडवल. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. त्यात फेणे मोठा झालेला होता आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आला होता. इतकेच काय, खुद्द भागवतही त्यात एक पात्र झाले होते आणि ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली होती. आता प्रश्न असा, की शाळकरी फेणे मोठा करावा का? जे त्याला वाचत मोठे झाले, त्यांना तो आपल्याबरोबर वाढलेला आवडेल. पण आज दहा वर्षांचा असलेल्या मुलाने कोणाचा हात धरावा?

२००४ साली तर अमेरिकेच्या स्पायडरमॅनचाच एक भारतीय अवतार काढण्यात आला. त्याचे नाव पवित्र प्रभाकर. तो खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला होता आणि धोतर नेसून इमारतींवर उड्या मारत होता. १९६२ च्या मूळ नायकाला किरणोत्सारी कोळी चावला होता. पवित्रला मात्र एका योग्याने शक्ती दिली. अमेरिकेत विज्ञान आणि भारतात जादू, असे का? हा आक्षेप मला रास्त वाटतो. धोतर नेसवल्याने नायक आपला होत नाही.

मग आपला नायक कसा असावा? कासार आंबोलीच्या एखाद्या वर्गाने मुळशीवर चित्रकथा काढायची ठरवली, तर तिला कल्पित जंगल शोधावे लागणार नाही. १९२१ साली याच तालुक्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी होते. याच लढ्यामुळे लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. त्यांनी कैद भोगली, पुढे सात वर्षांची शिक्षाही झाली. परंतु धरण बांधले गेले आणि गावे पाण्याखाली गेली.

आता वर्गात दोन पक्ष पडतील. एक म्हणेल, "आपल्या चित्रकथेत सेनापतींनी धरण थांबवलेच पाहिजे. नाही तर नायक कसला?" दुसरा म्हणेल, "पाणी आजही तिथे आहे. ते शेवटच्या पानावर दाखवलेच पाहिजे." शेवटच्या चौकटीत काय काढायचे, हे पेन्सिल ज्याच्या हातात आहे त्याला ठरवावे लागेल. आणि अंक वाचून झाल्यावर, ते बरोबर होते की नाही, यावर गावातील इतर मुले त्याच्याशी भांडतील.

शब्दार्थ
हकीकत – घडलेली गोष्ट
चाचे – समुद्रावरील लुटारू
सूड – बदला
रास्त – योग्य
आक्षेप – हरकत
झंबील – अमर अय्यारची जादूची पिशवी
चौकट – चित्रकथेतील एका चित्राची जागा

स्वाध्याय
१. वेताळाच्या देशाचे नाव भारतात का बदलले?
२. वेताळाच्या आणि बहादूरच्या पक्षातील मुलांचे म्हणणे तुमच्या शब्दांत लिहा.
३. "येथे लेखकाचा निर्णय बरोबर होता." असे लेखक कशाबद्दल म्हणतो? तुम्हाला ते पटते का?
४. मुळशीच्या चित्रकथेची शेवटची चौकट तुम्ही कशी काढाल? वर्गात दोन गट करून चर्चा करा.