छोट्या मॉडेलला धातूचे बारीक भाग

नाशिकजवळच्या ओझर येथे १९६४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ विमाने तयार झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी ती वायुदलातून निवृत्त झाली. विद्यार्थीमित्रांनी त्यांचे प्लॅस्टिकचे मॉडेल अवश्य करून पाहावे.

या विमानाच्या नाकापुढे वेग मोजण्यासाठी लांब, बारीक नळी असते. १:७२ या प्रमाणात ३६ मि.मी. जाडीची वस्तू अवघी अर्धा मि.मी. होते. इतके बारीक प्लॅस्टिक हात लागताच मोडते. जाड ठेवावे तर प्रमाण बिघडते. म्हणून अशा ठिकाणी आम्ही धातू वापरतो.

अर्धा मि.मी. जाडीची पितळी तार काचेवर ठेवून सपाट पट्टीने घोळवावी, म्हणजे सरळ होते. कापलेले टोक कानशीने घासावे. प्लॅस्टिकची नळी कापून टाकावी, टाचणीने मध्य खुणावून हातड्रिलने तारेइतकेच छिद्र तीन-चार मि.मी. खोल पाडावे. प्लॅस्टिकचे सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून सांधा जोडते, ते धातूला धरत नाही. तेथे एपॉक्सी लावावे आणि ते घट्ट होण्यापूर्वी वरून व बाजूने पाहून तार सरळ करावी. तारेऐवजी वापरलेली इंजेक्शनची सुई मात्र कधीही घेऊ नये.

आधी मोजावे, मगच कापावे. कारण येथे एका मि.मी.ची चूक म्हणजे खऱ्या विमानावर ७२ मि.मी.ची चूक होय.