एक ठराव, दोन आकारांची छपाई

प्रश्न : आमच्या ग्रामसभेचे ठराव मी संगणकावर लिहितो. वनविभागाच्या फाइलीसाठी बारीक टाइप लागतो, गावात भिंतीवर लावायला ठसठशीत. दोन प्रती केल्या की दुरुस्ती एकीत होते, दुसरीत राहून जाते. काही उपाय?
— एक वाचक, धानोरा (गडचिरोली)

उत्तर : उपाय आहे, आणि फुकट आहे. मजकूर एकाच साध्या फाइलीत ठेवा. टाइप, कागद, समास हे सगळं छापतेवेळी आदेशातून सांगा. त्यासाठी पॅनडॉक वापरा. बर्कलेचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांचं हे सॉफ्टवेअर २००६पासून सर्वांना खुलं आहे. टर्मिनलमध्ये एक ओळ लिहायची, तिच्यापुढे पर्याय जोडायचे. पॅनडॉक तो मजकूर लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीकडून जुळवून पीडीएफ देतं.

मराठीची खरी अडचण इथेच येते. पीडीएफचं इंजिन म्हणून झीलाटेक निवडा. मुळात ठरलेल्या पीडीएफलाटेकला देवनागरी पेलत नाही. मुख्य फॉन्ट ‘मुक्ता’ द्या. मुंबईच्या ‘एक टाइप’चा हा मोफत फॉन्ट आहे आणि त्यात इंग्रजी अक्षरंही आहेत. फॉन्टच्या पर्यायांत लिपी देवनागरी असल्याचं सांगायला विसरू नका. नाहीतर जोडाक्षरं फुटतात, ‘वि’ची वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन बसते.

अक्षर मोठं करताना बहुतेकजण अडतात. लाटेकचा नेहमीचा ‘आर्टिकल’ साचा १०, ११ आणि १२ पॉइंटच ओळखतो. २० लिहिलंत तर छपाई होते, टाइप मात्र वाढत नाही. साचा ‘एक्स्टआर्टिकल’ करा, त्यात १४, १७ आणि २० पॉइंट चालतात. बांबूविक्रीचा रुंद तक्ता असेल तर कागदाची मापं ठरवणाऱ्या ‘जॉमेट्री’च्या पर्यायात कागद आडवा करा. फॉन्ट, साचा, आकार आणि कागद यांचे पर्याय कॅपिटल व्हीने द्यायचे. लहान व्हीने फक्त आवृत्तीचा क्रमांक दिसतो. फाइलीत आधी १२ पॉइंट लिहिलेले असले तरी आदेशातला आकडाच चालतो.

एवढी खटपट का? तुमच्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये आणि चंद्रपुरातल्या पाचगावला २०१२मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. जंगलाचा कारभार ग्रामसभेच्या हाती आला की ठरावाच्या दोन प्रतींत दोन वेगळे आकडे असणं परवडत नाही.

लाटेकचा पूर्ण संच काही जीबींचा आहे. गडचिरोलीला किंवा चंद्रपूरला चांगलं नेटवर्क मिळेल तेव्हा उतरवून घ्या. पुढे इंटरनेट लागत नाही. बारीक आणि मोठ्या टाइपचे दोन्ही आदेश ठरावाच्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर नोंदी ठेवणाऱ्यालाही ते सापडतील.