शिडी लावण्याआधी

बाळा, इंटरनेटच्या डिशचं काम शिकायला निघालास, तर शिडी लावण्याआधी आभाळ बघायला शीक. व्हीसॅट नावाच्या उपग्रह-जोडणीची गोल डिश एकाच उपग्रहाकडे तोंड करून असते. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून जागचा हलताना दिसत नाही. आपल्या रत्नागिरीतून ७४ अंश पूर्व रेखांशावरचा जीसॅट-११ जवळजवळ थेट दक्षिणेला, सत्तर अंश वर सापडतो. तेवढा झरोका मोकळा असला की झालं. अंतरामुळे सिग्नलला जाऊन यायला अर्धा सेकंद लागतो आणि व्हिडिओ कॉलवर बोलणं अडखळतं. ते कुणालाच दुरुस्त करता येत नाही, गिऱ्हाइकाला आधीच सांग.

स्टारलिंकसारख्या चपट्या डिशचे उपग्रह पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून धावतात आणि काही मिनिटांत दिसेनासे होतात. आतल्या शेकडो बारीक अँटेना लहरी किंचित मागेपुढे सोडून झोत वळवतात, डिश जागीच राहते. तिला रुंद आभाळ हवं. मध्ये एक माड डुलला तरी कॉल तुटतो. आज माड ठेंगणा आहे म्हणून सोडून देऊ नकोस, उद्या तो वाढणारच.

गोल डिशचा जीव खांबात. कौलांवर ती बसवूच नकोस. अंगणात काँक्रीटचा पाया घाल आणि तो नीट पक्का होऊ दे. खांबाला दोन बाजूंनी ओळंबा लाव, कारण खांब कलला की कोनाच्या पट्टीवरचा आकडा खोटा. इथे एक अंश चुकला तर तिकडे सहाशे किलोमीटरांहून जास्त चूक होते. शिवाय ही डिश सिग्नल नुसता घेत नाही, पाठवतेही. नेम चुकला तर शेजारच्या उपग्रहावर दुसऱ्याच्या कामात खरखर जाते. शेवटचे नट आवळताना डिश सरकते, तेव्हा मीटरवरची नजर काढू नकोस. आणि पाठवणं चालू असताना डिश नि तिच्यासमोर लहरी सोडणाऱ्या फीडहॉर्नच्या मध्ये डोकं घालायचं नाही, कधीच नाही.

कोकणात खरा वैरी पाणी. जॉइंटच्या खाली केबलला झोळ सोड, पाणी तिथूनच गळून जाईल. जॉइंटवर रबरी टेप खालून वर गुंडाळ, कौलं चढवतात तशी, म्हणजे पाणी प्रत्येक वेढ्यावरून खाली उतरतं. फीडहॉर्नची टोपी फाटली तर लगेच बदल, नाहीतर आत कुंभारमाशी घर करते.

मुसळधार पावसात सिग्नल गेला तर डिशला हात लावू नकोस. डिश वापरते त्या केयू बँडच्या लहरी थेंबांत शोषल्या जातात. सर ओसरली की सिग्नल येतो. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस दुपारी साडेबाराच्या आगेमागे सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हाही काही मिनिटं नेट जातं. थांबायचं.

खांबाला अर्थिंग हवंच. वळवाच्या विजा सुरू होण्याआधी मोडेमचा प्लग आणि केबल दोन्ही काढायला घरच्यांना शिकव.

‘नेट बंद’ असा फोन आला की आधी लॅपटॉप वायरने मोडेमला जोडायला सांग. तसं नेट आलं, तर डिश ठीक आहे. बहुधा जांभ्याच्या जाड भिंतीने वायफाय अडवलंय. राउटर माजघरात हलवायला सांग.