धुराड्यांतील काजळी
डिझेल मोटारीच्या धुरांत काजळी असते, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. भारतांत १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ हे नियम लागू झाले. तेव्हांपासून नव्या डिझेल मोटारींत ही काजळी अडविणारी, मधाच्या पोळ्यासारखी छिद्रें असलेली गाळणी बहुधा असते. ती भरत आली म्हणजे यंत्र थोडें जादा इंधन देऊन धूर सुमारें ६०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितें व काजळी जाळून टाकतें.

घात होतो तो येथेंच. काजळी पेटलेली असतां चालकानें एकाएकीं गाडी थांबवून एंजिन मंद चालूं ठेविलें, तर गाळणी निवेल असें आपणांस वाटतें. होतें नेमकें उलट! वेगानें वाहणारा धूरच आंतील उष्णता बाहेर नेत होता, तो ओसरला. शिवाय मंद एंजिनाच्या धुरांत प्राणवायु अधिक उरतो. (शेगडीस वारा घालणाऱ्या मुलींना याचें नवल वाटणार नाहीं.) काजळी फार सांचली असल्यास उष्णता १००० अंशांपलीकडे जाऊन गाळणी तडकते, क्वचित् वितळतेहि.

गाळणीच्या अलीकडे-पलीकडे उष्णतामापक असतात; पण ते धुराची उष्णता मोजतात, तेव्हां आंतील वर्दी त्यांस उशिरानेंच पोंचते. म्हणून आम्हांस दाबमापक अधिक मोलाचा वाटतो. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकावरून काजळीचा अदमास येतो, आणि ती थोडी असतांनाच जाळतां येते. धोका दिसतांच यंत्र जादा इंधन तोडतें व हवेची झडप आवळतें. चालकानें मात्र गाळणीचा दिवा लागला असतां गाडी कांहीं वेळ वेगानें चालवावी, आणि वाळल्या गवतावर ती उभी करूं नये.