थंडीच्या मुलुखातील ऊन

मार्गशीर्ष अमावास्येस, म्हणजेच वेळ अमावास्येस, लातूर जिल्ह्यातील गावे सकाळीच रिकामी होतात. भज्जी, आंबील, उंडे असे पदार्थ बरोबर घेऊन आबालवृद्ध शेताच्या वाटेला लागतात. हे दिवस थंडीचे असतात. पहाटेचे तापमान कित्येकदा दहा अंशांच्याही खाली उतरते आणि सकाळचा वारा अंगाला बोचत राहतो. परंतु दोन प्रहरी त्याच शेतात उघड्यावर बसलेल्या माणसाची पाठ उन्हाने तापू लागते. तो चार पावले सरकून चिंचेच्या दाट सावलीत गेला, की लगेच त्याला गारवा जाणवतो. हवा तीच, वेळही तीच. फरक काय तो उन्हाचा.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. हवेचे तापमान आणि उन्हाची ऊब या दोन निराळ्या गोष्टी होत. सूर्याचे किरण हवेतून येताना तिला फारसे तापवीत नाहीत. ते जमिनीवर, भिंतीवर किंवा अंगावर पडले म्हणजे त्या वस्तू तापतात, आणि मग त्या वस्तूंच्या संगतीने हवा तापते. म्हणून हवा थंडगार असतानाही ऊन मात्र कडक असू शकते.

मग साहजिकच असा प्रश्न उद्भवतो की, जेथे रात्री हंड्यातले पाणी गोठून दगड होते, अशा प्रदेशातही केवळ उन्हाच्या बळावर घर उबदार ठेवता येईल काय? हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. लडाखच्या सीमेवर आपले जवान वर्षभर पहारा देतात. लातूर-नांदेडच्या खेड्यापाड्यांतून सैन्यात गेलेली मुलेही त्यांत असतात. तेथील घराघरांत आणि छावण्यांत हिवाळ्यात ‘बुखारी’ नावाची लोखंडी शेगडी पेटविली जाते. तिच्यात लाकूड, शेण्या किंवा रॉकेल जाळतात. रॉकेल उंच घाटांतून मालमोटारींनी वाहून न्यावे लागते, आणि घाट बर्फाने बंद होण्यापूर्वीच त्याचा साठा करून ठेवावा लागतो. शिवाय बंद खोलीत जळणारी शेगडी कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू सोडते. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस गुदमरतो. उन्हाने खोली उबदार राहिली, तर हे इंधनही वाचेल आणि हा धोकाही टळेल.

आता लडाखच्या लेह या शहराची आपल्या लातूरशी तुलना करून पाहू. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे जानेवारीतील रात्री तापमान शून्याच्या खाली दहा ते वीस अंशांपर्यंत घसरते. परंतु तेथे पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटरच पाणी पडते. मराठवाड्यात दुष्काळाच्या वर्षीही याहून कितीतरी अधिक पाऊस होतो! पाऊस नाही, म्हणजे ढग थोडे. आणि ढग थोडे, म्हणजे ऊन पुष्कळ. त्या उंचीवर हवेचा दाबही समुद्रसपाटीच्या मानाने दोन-तृतीयांशच असतो. किरणांना अडविणारी हवा विरळ, धूळ व बाष्प अल्प; म्हणून लेहचे ऊन कमालीचे प्रखर असते. लडाखला ‘शीत वाळवंट’ म्हणतात, ते यथार्थ आहे. वाळवंटात ज्याची उणीव कधीच नसते, ते ऊन तेथेही विपुल आहे. उणीव आहे ती ते धरून ठेवण्याची.

हे धरून ठेवणे शक्य आहे, हे फार पूर्वीच सिद्ध झाले आहे. स्वित्झर्लंडमधील द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७६७ साली एक पेटी बनविली. आतून काळी, वर काचेची झाकणे, आणि बाजूंनी उष्णता बाहेर जाऊ नये अशी व्यवस्था. ती उन्हात ठेवली असता आतील तापमान उकळत्या पाण्याच्याही पुढे गेले. पुढे त्याने तशीच पेटी आल्प्स पर्वताच्या एका शिखरावर नेली. तेथील हवा अवघी ६ अंश तापमानाची होती; पेटीच्या आत मात्र ८८ अंशांच्या आसपास तापमान चढले! मग तो खाली सखल भागात उतरला. तेथील हवा बरीच उबदार होती, तरी पेटीचे तापमान जवळजवळ तेवढेच राहिले. पेटी तापते ती भोवतालच्या हवेने नव्हे, उन्हाने, हे यावरून स्पष्ट झाले. काच उन्हाला आत येऊ देते. पण तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता तिच्यातून सहजासहजी बाहेर पडत नाही.

घर म्हणजे अशीच एक मोठी पेटी समजावी. तिची काच कोणत्या दिशेला असावी, हे सूर्यच सांगतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस माध्यान्ही लातूरला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंच असतो. लेह अधिक उत्तरेला असल्यामुळे तेथे तो सुमारे ३२ अंशांवरच दिसतो. अशा खाली झुकलेल्या सूर्याचे किरण दक्षिणेच्या उभ्या खिडकीतून थेट घरात खोलवर शिरतात. उन्हाळ्यात तोच सूर्य लेहला ७९ अंशांपर्यंत वर चढतो. तेव्हा खिडकीवरची लहानशी पडवीही त्याला बाहेर थोपवून धरते. म्हणजे हिवाळ्यात ऊन आत, उन्हाळ्यात ऊन बाहेर; आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. आपल्याकडे मात्र मे महिन्याच्या मध्यास सूर्य ऐन डोक्यावर येतो, भर दुपारी काठीची सावलीही नाहीशी होते, आणि सारी आग छपरावर उतरते. म्हणून लेहची चिंता खिडकीची, तर नांदेडची चिंता छपराची!

परंतु ऊन आत घेऊन भागत नाही. सूर्य मावळल्यावर काय? पत्र्याचे घर दुपारी भट्टीसारखे तापते आणि मध्यरात्री गारठते, हा अनुभव मराठवाड्यात कोणालाही नवा नाही. याउलट जुनी माळवदाची घरे आठवावीत. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे घर उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राही, कारण इतक्या जड भिंतींना तापायलाही वेळ लागे आणि निवायलाही. दगड-माती ही उष्णतेची कोठीच होय. बळद धान्याने भरून ठेवावे आणि नड पडेल तेव्हा काढावे, तशी ती उष्णता साठविते.

फ्रान्समधील फेलिक्स ट्रोंब या शास्त्रज्ञाने हाच गुण हेरला. १९६७ साली पिरनीज पर्वतातील ओदेयो या गावी त्याने एक घर उभारविले. त्याची दक्षिणेकडील भिंत काँक्रीटची, जाड आणि काळ्या रंगाने रंगविलेली. तिच्या पुढे थोडे अंतर सोडून काच बसविलेली. दिवसभर काळी भिंत ऊन पिते. तिच्यातून उष्णता हळूहळू आत सरकते आणि कित्येक तासांनी, जेव्हा तिची खरी गरज असते, तेव्हा रात्री खोलीत पोहोचते. अशा भिंतीस आज ‘ट्रोंबची भिंत’ म्हणतात. लडाखमध्येही अशा भिंती अनेक ठिकाणी बांधल्या गेल्या आहेत.

येथे मराठवाड्याने एक दारुण धडा घेतला आहे, तो सांगितलाच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मारले ते मुख्यतः त्या जड माळवदांनी. भिंतींतील दगड मातीत रचलेले होते, एकमेकांस बांधलेले नव्हते. वर मातीचा प्रचंड भार होता. जो जडपणा ऊब देत होता, तोच झोपलेल्या माणसांवर कोसळला. लडाखही भूकंपाच्या पट्ट्यातच मोडते. म्हणून उष्णता साठविणारी भिंत जड असावी, पण ती सुटी नसावी. पायाशी, दारा-खिडक्यांच्या माथ्याशी आणि छपराशी काँक्रीटच्या अथवा लाकडाच्या पट्ट्यांनी ती कमरपट्ट्यासारखी आवळलेली असावी. माळवदाची निंदा करण्याचे कारण नाही. त्याला कमरपट्टा नव्हता, एवढेच.

साठविलेली उष्णता निसटू न देणे, हे अखेरचे पण महत्त्वाचे काम. आपण रात्री गोधडी पांघरतो. गोधडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. घरालाही अशी गोधडी लागते. भिंतीच्या बाहेरील बाजूस आणि छपरात लाकडाचा भुसा, गवत, लोकर अशा पदार्थांचे थर, खिडकीला दुहेरी काच आणि रात्री जाड पडदा. फटी बुजविल्या नाहीत, तर बाकीचे सारे श्रम व्यर्थ जातात.

लेहजवळ सिंधू नदीच्या काठी फे या गावी अशी एक शाळा आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सेकमॉल’ या संस्थेने ती उभारली. सोनम वांगचुक हे त्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. ठासून भरलेल्या मातीच्या भिंती, दक्षिणेस काच, छपरात व भिंतींत उष्णतारोधक थर, अशी तिची रचना. बाहेर तापमान उणे पंधरा अंशांपर्यंत घसरले, तरी तेथील खोल्या इंधन न जाळता दहा-पंधरा अंशांवर राहतात, आणि मुले बोटे न आखडता लिहू शकतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये वांगचुक यांनी जवानांसाठी एक तंबूही तयार करून दाखविला. त्याच्या एका भागात दिवसा ऊन साठते आणि दुसऱ्या भागात दहा जवान झोपू शकतात. रात्री दहा वाजता बाहेर उणे १४ अंश असताना आत १५ अंश तापमान नोंदविले गेले. त्याचा कोणताही सुटा भाग ३० किलोग्रॅमपेक्षा जड नव्हता, म्हणजे तो पाठीवरून वाहून नेता येण्याजोगा होता.

सौरऊर्जा म्हटली की अलीकडे सर्वांच्या डोळ्यांपुढे छपरावरची निळी पॅनलेच उभी राहतात. हे थोडे विपरीतच आहे. पॅनल त्याच्यावर पडणाऱ्या उन्हाच्या सुमारे पाचव्या हिश्शाचीच वीज करते. त्या विजेवर शेगडी तापवावी, त्यापेक्षा ऊन सरळ खोलीत घेणे पुष्कळ स्वस्त. मात्र दिवे, पंप आणि संदेशयंत्रे यांसाठी पॅनल हवेच, आणि थंडी ही त्याची शत्रू नसून मैत्रीण आहे. पॅनल जितके तापते तितकी त्याची शक्ती घटते. दर अंशामागे साधारणतः शेकडा ०.४ इतकी. नांदेडच्या मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापले, तर २५ अंशांच्या मानाने त्याची शक्ती शेकडा १६ ने कमी होईल. लेहच्या थंड वाऱ्यात ही हानी होत नाही. मात्र त्यावर साचलेला बर्फ झाडावा लागतो. म्हणून तेथे पॅनले अधिक उभी बसवितात. पाणी तापविण्याचा सौरबंबही तेथे जसाच्या तसा चालत नाही. नळ्यांतील पाणी रात्री गोठले की ते फुगते आणि नळ्या फुटतात; म्हणून त्यांत न गोठणारे द्रव खेळवून त्याच्यामार्फत टाकीतले पाणी तापवितात.

या उपायालाही सीमा आहेत. ढगाळ हवा आठवडाभर टिकली, तर भिंतीतील साठा संपतो आणि बुखारी पेटवावीच लागते. दक्षिणेस उंच डोंगर असलेल्या अरुंद दरीत हिवाळ्याचे ऊन पोहोचतच नाही. आणि अंटार्क्टिकावरील भारताच्या ‘मैत्री’ व ‘भारती’ या केंद्रांवर तर हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. तेथे काच, काळी भिंत किंवा पॅनल यांपैकी काहीच कामास येत नाही. त्या दीर्घ रात्रीत दिव्यांसाठी आणि उबेसाठी जहाजाने आणलेले इंधनच जाळावे लागते. ‘भारती’ केंद्रात, वीज निर्माण करणाऱ्या जनित्रांतून जी उष्णता वाया गेली असती, तीच फिरवून खोल्या उबदार ठेवितात.