मुलाच्या तोंडी घातलेले शब्द

सूरह यूसुफमधील तो प्रसंग आपल्या घराघरांत ठाऊक आहे. हजरत यूसुफ (अलै.) यांच्यावर त्यांच्या मालकाच्या पत्नीने आळ घेतला, तेव्हा तिच्याच घराण्यातील एकाने कसोटी सांगितली: सदरा कोणत्या बाजूने फाटला आहे ते पाहा. सदरा मागून फाटलेला निघाला, म्हणजे आळ खोटा ठरला. तरीही तुरुंगात गेले ते यूसुफच. निर्दोषत्वाच्या खुणा डोळ्यांनी पाहूनही त्या मंडळींना घराची अब्रू अधिक प्रिय वाटली. बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा विषय निघतो तेव्हा हा सगळा प्रसंग ध्यानात ठेवावा, कारण अब्रूपोटी आळ घेतलाही जातो आणि अब्रूपोटी सत्य गाडलेही जाते.

आधी प्रमाण समजून घ्या. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेरा राज्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते, आणि त्यांतील बहुतेकांनी ते कोणालाच कळवले नव्हते. खोट्या तक्रारी होतात, पण गप्प बसलेली लेकरे त्यांहून कितीतरी अधिक आहेत. काही जण सूरह नूरचा आधार घेऊन मुलाकडे चार साक्षीदार मागतात. हे शरीअतचे अज्ञान आहे. ती अट व्यभिचाराचा आरोप करून चारित्र्यावर चिखल उडवणाऱ्यांना आवरण्यासाठी आहे, अत्याचार सोसलेल्याचे तोंड बंद करण्यासाठी नाही. परिस्थितिजन्य पुराव्यावर तअज़ीरची शिक्षा देण्यास फुकहांनी वाव ठेवलेला आहे.

मग खोटा आरोप उपजतो कोठे? बहुधा मोठ्यांच्या भांडणात. जून २०२२ मध्ये मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी एक परिपत्रक काढले होते. जुने वैर, मालमत्तेचे वाद आणि पैशांचे व्यवहार यांतून खोट्या तक्रारी होतात, म्हणून पॉक्सो किंवा विनयभंगाचा गुन्हा नोंदवण्यापूर्वी उपायुक्तांची परवानगी घ्यावी, असे त्यात म्हटले होते. बालहक्कांसाठी काम करणाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि पुढे ते मागे घेण्यात आले. माझ्या मते निदान बरोबर होते, औषध मात्र घातक होते. मोठ्यांच्या लबाडीची किंमत खरी तक्रार घेऊन आलेल्या मुलाने का मोजावी?

आम्हा लोअर परळकरांना ते निदान परके वाटणार नाही. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळणार म्हटल्यावर खोली कोणाच्या नावावर, हा प्रश्न सख्ख्या भावांतही आग लावू शकतो. तलाकनंतर मुलाच्या ताब्याचा वाद असतोच. अशा वेळी कोणी हितचिंतक कानात सांगतो, ‘पॉक्सो टाका, सरळ येईल.’ त्याला हे ठाऊक नसते की पॉक्सो कायद्याच्या बाविसाव्या कलमाखाली बदनामी करण्याच्या किंवा पैसे उकळण्याच्या हेतूने अशी तक्रार करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला मात्र या कलमाखाली शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे.

दुसरी वाट अधिक अवघड आहे, कारण तिच्यात कोणीच खोटे बोलत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मॅकमार्टिन नावाची बालवाडी होती. १९८३ मध्ये एका आईने तेथील शिक्षकाविरुद्ध तक्रार केली. पोलिसांनी सुमारे दोनशे पालकांना पत्र पाठवून आपापल्या मुलांना विचारा, असे कळवले. मग शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. मूल नाही म्हणाले की पुन्हा विचारायचे, इतरांनी तर सांगितले आहे असे म्हणायचे, होकार मिळाला की शाबासकी द्यायची. मुले हळूहळू हो म्हणू लागली. सात वर्षे चाललेल्या त्या खटल्यात १९९० पर्यंत एकावरही गुन्हा सिद्ध झाला नाही. एक आरोपी पाच वर्षे कोठडीत राहिला. लहान मूल मोठ्यांचा चेहरा वाचते. भेदरलेल्या आईने ‘काकांनी इथे हात लावला ना?’ असे चार वेळा विचारले, तर पाचव्या वेळी उत्तर आईचे असते. आणि अत्याचार खरोखर झाला असेल, तर याच प्रश्नांनी न्यायालयात खरी साक्षही डळमळते.

म्हणून मूल काही बोलले तर ऐका. ‘मग काय झाले?’ एवढेच विचारा. त्याचे शब्द, त्याच दिवशी, त्याच्याच भाषेत लिहून ठेवा. शेजारणीला सांगू नका, संशयिताला दारात बोलावून मुलासमोर जाब विचारू नका. १०९८ या क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा. सूरह हुजुरातमधील शहानिशेची आज्ञा येथे लागू होते; पण ही शहानिशा आपण मुलाची उलटतपासणी घेऊन करायची नाही. त्यासाठी कायद्यात रीत आहे: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि मुलाच्या विश्वासातील माणसासमोर घ्यायचा असतो. सद्हेतूने खबर देणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे.

एक गोष्ट माझ्याच बिरादरीसाठी. तक्रार मकतबच्या उस्तादाविरुद्ध किंवा इमामाविरुद्ध आली की ‘दीनला बदनाम करण्याचा डाव’ हे शब्द फार लवकर जिभेवर येतात. शैक्षणिक वा धार्मिक संस्थेतील माणसाने तेथील मुलावर केलेला अत्याचार कायद्याने अधिक गंभीर मानला आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. पवित्र कुरआनने साक्ष स्वतःच्या आणि आईबापांच्या विरोधात गेली तरी खरी द्यायला सांगितले आहे; ट्रस्टींना त्यातून सूट दिलेली नाही. ट्रस्टींनी त्या उस्तादाला चौकशी होईपर्यंत मुलांपासून दूर ठेवावे, पोलिसांना कळवावे, आणि निकाल लागेपर्यंत ना त्याचा जयजयकार करावा, ना त्याच्या बायकामुलांना मोहल्ल्यातून हुसकावे.